मुंबईचा प्रश्न महाड-पोलादपुरात सुरू होतो



जिल्हा बैठकीसाठी काढलेल्या या अंकाच्या पहिल्या पानावर कापसाचा भाव नाही, मुंबई आहे, हे पाहून काही जण नाराज होतील. आम्ही पऱ्हाटीवाले, ज्वारीवाले. मुंबईच्या चाळी, झोपड्या, लोकल गाड्या यांच्याशी आमचे काय देणेघेणे? प्रश्न रास्त आहे. मागच्या बैठकीत एका जुन्या कार्यकर्त्याने तो भर सभेत विचारला आणि त्याला टाळ्याही पडल्या. त्याचे उत्तर सभेत नीट देता आले नाही, म्हणून ते इथे देत आहोत.

मुंबईच्या कारभाराची चर्चा निघाली की तिथल्या विद्वानांच्या तोंडी एक शब्द हमखास येतो. तो शब्द म्हणजे 'लोंढे'. शहरावर लोंढे आदळतात, म्हणून पाणी पुरत नाही, गटारे तुंबतात, गाडीत पाय ठेवायला जागा नसते. लोंढे आवरा म्हणजे मुंबई सुधारेल. लोंढा म्हणजे तुमचा-आमचा पोरगा. तो बिचारा वळकटी घेऊन गाडीतून उतरला की त्याचा लोंढा होतो. बांध कुठे फुटला, पाणी कोणी सोडले, हे कोणी विचारत नाही. भिंत किती उंच बांधायची एवढीच चर्चा.

हा बांध कुठे फुटला ते पाहायचे असेल तर आपल्या भागात पाहू नये. आपल्याकडे पाहिले की लगेच उत्तर तयार असते: पाऊस कमी, जमीन कोरडवाहू, सिंचन नाही, मग माणसे जाणारच! म्हणून आम्ही मुद्दाम दुसऱ्या टोकाला गेलो. रायगड जिल्ह्यातले महाड आणि पोलादपूर हे दोन तालुके आमच्यापैकी काही जण दोन-तीन दिवस फिरून आले.

आपल्याकडे वर्षाला सातशे-आठशे मिलिमीटर पाऊस झाला की आपण देवाला नारळ फोडतो. तिथे तीन हजारांच्या वर पडतो. महाबळेश्वरच्या माथ्यावर उगम पावलेली सावित्री पोलादपूरवरून महाडला येते, गांधारी तिला तिथेच मिळते, आणि दोघी मिळून दर काही वर्षांनी महाडच्या बाजारपेठेत शिरतात. पाणी नाही असे म्हणायची सोय नाही. अवर्षणाचे भाषण करणाऱ्या पुढाऱ्याला तिथे छत्री धरून उभे राहावे लागेल.

आणि तरी गावे रिकामी आहेत.

वाडीत शिरावे तर एक घर उघडे, दोन घरांना कुलूप. उघड्या घरात म्हातारी, नाहीतर सून आणि शाळेतली पोरे. कर्ता पुरुष मुंबईला, नाहीतर ठाण्याला, डोंबिवलीला, नालासोपाऱ्याला. गणपतीला आणि शिमग्याला गाव भरते, एस.टी. भरून येतात, आठ-दहा दिवस नांदते आणि पुन्हा ओस पडते. या माणसाला कोकणात 'चाकरमानी' म्हणतात. तो शेतकरी होता हे त्याच्या नावातूनसुद्धा पुसले गेले आहे. ज्या महाड तालुक्यात रायगड आहे, १६७४ साली जिथे छत्रपतींचा राज्याभिषेक झाला, जी स्वराज्याची राजधानी होती, त्या तालुक्यातली माणसे पिढ्यान् पिढ्या दुसऱ्या राजधानीत हमाली करायला जात आहेत.

डोंगरउतारावरच्या वरकस जमिनीत नाचणी-वरी होते, खालच्या खाचरात भात. एका म्हातारीने आम्हाला हिशेब तोंडपाठ सांगितला. राब भाजायचा, रोपे काढायची, चिखलणी, लावणी, बेणणी, कापणी, झोडणी. बैल कधीच गेले, म्हणून नांगरणीचे यंत्र भाड्याने. लावणीला माणूस मिळत नाही आणि मिळाला तर त्याची मजुरी भाताच्या किमतीत निघत नाही. वर रात्री रानडुकरे, दिवसा माकडे. (हे ऐकताना आमच्यातल्या यवतमाळकराने रोह्यांची आठवण काढून मान डोलावली.) शेवटी म्हातारी म्हणाली, "घरचा तांदूळ पिकवला तर महाग पडतो, रेशनवर फुकट मिळतो. मग चिखलात उतरायचं कशाला?"

या बाईने जे एका वाक्यात सांगितले ते नियोजन मंडळाला पन्नास वर्षांत उमगले नाही. २०२३ च्या जानेवारीपासून अन्नसुरक्षा कायद्याखालचे धान्य फुकट आहे. गरिबाच्या पोटात चार घास जातात याचे आम्हाला दुःख नाही. पण तोच तांदूळ पिकवणाऱ्याच्या मालाचा भाव त्याच धोरणाने मारला जातो आणि मग त्यालाच रेशनच्या रांगेत उभे केले जाते, हा व्यवहार दानधर्माचा नाही. ज्वारीचे काय झाले ते तुम्हाला वेगळे सांगायला नको. फुकट गहू-तांदूळ दुकानात आला आणि आपल्या खळ्यावरची ज्वारी कोंबडीखाद्याला आणि दारूच्या भट्टीला जाऊ लागली.

हे आजचे नाही. १९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, मुंबईत रेशनिंग सुरू झाले. युद्ध संपले, इंग्रज गेला, रेशनिंग राहिले. साठीच्या दशकात याच महाराष्ट्रात भात आणि ज्वारी या दोन धान्यांची सरकारी एकाधिकार खरेदी झाली. पुढे लेव्ही आली, जिल्हाबंदी आली. तुमच्या आजोबांच्या खळ्यावर तलाठी आणि पोलीस ज्वारी मोजायला उभे होते, तेव्हा महाडच्या शेतकऱ्याच्या अंगणातही तोच तलाठी भात मोजत होता. दोघांचे धान्य कशासाठी जात होते? मुंबईच्या कारखानदाराला मजूर स्वस्तात मिळावा, आणि मजूर स्वस्त राहायचा तर त्याची भाकरी आणि भात स्वस्त हवेत, म्हणून. भाव पाडून गावात राहणे अशक्य करायचे आणि माणूस शहरात आला की त्याला लोंढा म्हणायचे! शरद जोशींनी 'इंडिया' आणि 'भारत' अशी जी रेषा ओढली ती नकाशावर काढायची झाली तर भायखळ्याच्या रेशन दुकानापासून पोलादपूरच्या खाचरापर्यंत आणि तिथून तुमच्या धुऱ्यापर्यंत काढावी लागेल.

आता कापूसवाल्यांनी जरा सावरून बसावे. मुंबई उभी राहिली कशावर? कापसावर. १८५४ साली दावर शेटजींनी पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली आणि पुढे लालबाग-परळ-वरळीच्या आभाळात भोंग्यांचे रान उभे राहिले. कापूस तुमच्या काळ्या रानातला आणि मागावरचे हात कोकणातले. महाड, पोलादपूर, माणगाव, खेड, चिपळूण इथल्या माणसांनी गिरणगाव भरले. गावकीने भाड्याने घेतलेल्या खोलीत एकेका गावची पंधरा-वीस माणसे राहायची. पाळी बदलली की झोपायची जागा बदलायची. एक उठला की त्याच वळकटीवर दुसरा आडवा. जेवण खानावळवालीकडे. बायको गावी. महिन्याला मनीऑर्डर. ती मनीऑर्डर खाचराचा तोटा भरून काढत होती. म्हणजे गिरणीतला पगार शेतीला अनुदान देत होता! सरकारने शेतकऱ्याला अनुदान दिल्याच्या गप्पा खूप ऐकल्या. महाडच्या शेतीला खरे अनुदान दिले ते रात्रपाळी करणाऱ्या तिच्याच पोराने.

१९७२ पासून तीस वर्षे आपण कापूस एकाधिकार योजनेच्या दावणीला होतो. शेजारच्या राज्यात भाव चढा असला तरी सीमेपलीकडे गाडी नेणे हा गुन्हा. कापड गिरण्या जगल्या पाहिजेत हा मंत्र तेव्हाही होता आणि आजही आहे. ५ मार्च २०१२ रोजी निर्यातबंदी आली ती त्याच मंत्राने. १९ ऑगस्ट २०२५ रोजी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क उठवले, आधी सप्टेंबरअखेरपर्यंत आणि मग डिसेंबरअखेरपर्यंत, म्हणजे बरोबर आपल्या वेचणीच्या हंगामात, तेही त्याच मंत्राने.

मग इतक्या स्वस्त कापसावर मुंबईच्या गिरण्या तरी जगल्या का? १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. संप कधी रीतसर मागे घेतलाच गेला नाही. भोंगे मात्र एकेक करून बंद झाले. त्यानंतर जे झाले ते कापसाचे राजकारण नव्हते, जमिनीचे होते. गिरण्यांखाली सुमारे सहाशे एकर जमीन होती, तीही मुंबईच्या पोटात. १९९१ च्या नियमात असे ठरले की ही जमीन विकासाला काढायची तर एक वाटा महापालिकेला मैदाने-बागांसाठी, एक वाटा म्हाडाला घरांसाठी आणि एक मालकाला. २००१ साली एक दुरुस्ती झाली. वाटणी सगळ्या जमिनीची नाही, फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीची. गिरणीच्या इमारतीखालची जमीन हिशेबातून वजा! तहसील कचेरीत फेरफार कसा होतो हे जाणणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटणार नाही. प्रकरण दिल्लीपर्यंत गेले आणि मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती दुरुस्ती उचलून धरली.

कामगाराला काय मिळाले? २०१२ च्या जूनमध्ये घरांची सोडत निघाली, ६,९२५ घरांची. अर्ज होते लाखाच्या वर. सोडत म्हणजे लॉटरी. आयुष्यभर पाळ्या केल्याचा हक्क चिठ्ठीत घालून काढला. पुढे घरे पनवेलजवळ कोनला, आणि आता शेलू-वांगणीला दाखवली जात आहेत. जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आणि त्यांच्या विधवा आझाद मैदानात बसल्या, घर मुंबईत द्या म्हणून. ज्या परळात उभा जन्म गेला तिथल्या गिरणीच्या जागी काचेचे मनोरे उभे आहेत आणि कामगाराला दोन तास लांबचे तिकीट. या मैदानात बसलेल्यांचे आणि आपले नाते कापसाच्या धाग्याचे आहे, हे आपण विसरलो होतो. ते आपल्याला विसरले होते, हेही तितकेच खरे. संपाच्या काळात कापसाच्या भावाबद्दल गिरणगावातून शब्द निघाला नाही आणि आपणही त्यांना पगारदार म्हणून बाजूला टाकले.

आता शहराने आपली दारे कशी लावून घेतली ते पाहू. इथे थोडा कायद्याचा भाग आहे, पण तो शेतकऱ्याला समजायला सगळ्यात सोपा आहे, कारण हेच प्रयोग आपल्यावर झाले आहेत.

१९४७ चा मुंबईचा भाडेकायदा घ्या. भाडी १९४० च्या आसपासच्या पातळीवर गोठवली. भाडेकरूला संरक्षण हवे होते, ते मिळाले. पण धान्याचा भाव गोठवला की धान्य बाजारातून नाहीसे होते आणि काळ्या बाजारात उगवते, हे तुम्ही पाहिले आहे. घरांचे तेच झाले. भाड्याने द्यायला नवी चाळ बांधणे थांबले, जुन्या चाळींच्या तुळया कुजल्या आणि पागडी नावाचा काळा बाजार उघडला. १९७६ साली शहरी जमीन कमाल धारणा कायदा आला. शेतीच्या सीलिंगचा हा शहरी भाऊ. हेतू काय, तर श्रीमंताची जमीन काढून गरिबाला घर. झाले काय? जमीन बाजारात येण्याऐवजी कोर्टात आणि सचिवालयाच्या फायलीत अडकली, आणि सूट देण्याचा अधिकार ज्यांच्या हातात त्यांची चंगळ झाली. महाराष्ट्राने तो कायदा २००७ साली रद्द केला. शहरातल्या सीलिंगचे ओझे उतरवले. शेतीवरचे मात्र अजून आपल्या मानेवर आहे, हे जाता जाता नोंदवून ठेवू.

तिसरा प्रकार चटई क्षेत्राचा. एका एकरावर किती मजले बांधायचे याचे हे माप. १९९१ च्या नियमात ते मुंबई बेटावर १.३३ आणि उपनगरात फक्त १ होते. जगातली मोठी शहरे वाढली तशी मुंबईने वर वाढायचे ठरवले असते तर साधी घरे उभी राहिली असती. पण आधी माप आखूड करायचे आणि मग ते वाढवून देण्याचा परवाना विकायचा, हा धंदा. लायसन्स-परमिट राज गावात बियाण्याच्या पिशवीपर्यंत येते, शहरात ते विटेपर्यंत गेले.

परिणाम डोळ्यांसमोर आहे. २०११ च्या जनगणनेत बृहन्मुंबईतली सुमारे ४१ टक्के माणसे झोपडपट्टीत होती. आणि त्याच जनगणनेत बेटावरच्या जुन्या मुंबईची लोकसंख्या वाढण्याऐवजी घटली होती, ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या आत! म्हणजे 'लोंढे' मुंबईत शिरतच नव्हते. ते बाहेर ढकलले जात होते. महाडचा पोरगा आता लालबागला उतरत नाही, तो दिव्याला, विरारला, बदलापूरला उतरतो आणि रोज चार तास गाडीच्या दाराला लटकतो. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ दोन गाड्या शेजारून गेल्या, दारातली माणसे एकमेकांना घासून रुळावर पडली. एक दिवस बातमी आली.

हे सगळे चालवणारे कोण? महानगर प्रदेशात महापालिका नऊ. त्यांच्या वर एमएमआरडीए, बाजूला सिडको, म्हाडा, झोपडपट्टी पुनर्वसन प्राधिकरण, रस्त्यांचे महामंडळ. बारभाईंचा कारभार. नळाला पाणी नाही तर कोणाच्या दारात जायचे हे डोंबिवलीच्या माणसाला कळत नाही. आणि ज्या शहापूर तालुक्यातून भातसा-तानसाचे पाणी मुंबईला जाते तिथल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर. महाड-पोलादपूरच्या वाड्यांवरही टँकर. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या गावात एप्रिलमध्ये टँकरमागे धावणारी बाई आम्ही पाहिली. ती मागते काय? वाडीपुरते एक साठवण तळे. महाडला १९२७ साली डॉ. आंबेडकरांनी चवदार तळ्याच्या पाण्यासाठी सत्याग्रह केला. तिथे पाणी होते, हक्क नाकारला होता. आज हक्क सगळ्यांना आहे, वाडीवर पाणी नाही.

एक गोष्ट इथे सांगितली पाहिजे. २६ जुलै २००५ ही तारीख सगळ्या देशाला माहीत आहे. त्या दिवशी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि मुंबई बुडाली. चौकशीला माधवराव चितळे यांची समिती बसली, मिठी नदीसाठी प्राधिकरण निघाले. त्याच पावसात, त्याच दोन दिवसांत, महाड आणि पोलादपूर तालुक्यांत डोंगर खाली आले. दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते. दीडशेहून अधिक माणसे मातीखाली गेली. ही नावे तुमच्यापैकी किती जणांनी ऐकली होती? आम्हीही तिथे जाईपर्यंत ती एका दमात सांगू शकलो नसतो. सोळा वर्षांनी, २२ जुलै २०२१ रोजी, महाड तालुक्यातले तळीये गेले. ऐंशीहून अधिक माणसे. घरात होते कोण? जे मुंबईला गेले नव्हते ते. मुंबईहून आलेले मुलगे दुसऱ्या दिवशी चिखल उपसत आईबापांना शोधत होते. माणूस शहरात सुखाने राहू शकत नाही म्हणून बायकापोरे गावात, आणि गावात कमाई नाही म्हणून तो शहरात. डोंगर कोसळला तेव्हा ही वाटणी कोणाच्या जिवावर बेतली ते दिसले.

महाड आज महानगर प्रदेशाच्या हद्दीत नाही. पण हद्द सरकते आहे. २०१९ मध्ये ती वाढवून पेण-अलिबागचा आणखी भाग आत घेतला. १२ जानेवारी २०२४ ला शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतू उघडला. ऑक्टोबर २०२४ मध्ये उरण, पनवेल, पेण या तालुक्यांतल्या १२४ गावांवर 'तिसरी मुंबई' वसवण्यासाठी एमएमआरडीएची नेमणूक झाली. सुमारे ३२३ चौरस किलोमीटर जमीन. गावकऱ्यांनी हरकतींचा ढीग घातला. मुंबई-गोवा महामार्गाचे चौपदरीकरण २०११ पासून रखडत का होईना चालले आहे आणि त्याच्या कडेने दलाल आधीच पोहोचले आहेत. पोलादपूरला चहाच्या टपरीवर आम्हाला दोघांनी जमीन घेता का म्हणून विचारले. आमची धोतरे पाहूनही!

आणि इथेच आपल्या चळवळीत दोन मते आहेत. ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही.

काही सहकारी म्हणतात, शहरांना विरोध करा, एक इंच जमीन देऊ नका, गाव वाचवा. त्यांच्या पोटतिडकीबद्दल आम्हाला शंका नाही. नवी मुंबईचा इतिहास त्यांच्या बाजूने बोलतो. १९७० मध्ये सिडको आली, ९५ गावांच्या जमिनी कवडीमोलाने घेतल्या. १६ आणि १७ जानेवारी १९८४ ला उरण तालुक्यात जासईच्या लढ्यात पोलिसांच्या गोळ्यांनी पाच शेतकरी हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यानंतर साडेबारा टक्के विकसित जमीन शेतकऱ्याला परत देण्याचे तत्त्व सरकारला मान्य करावे लागले. म्हणजे शंभरातले साडेसत्त्याऐंशी कोणाचे, हा प्रश्न उरलाच. २१ सप्टेंबर २००८ ला पेण तालुक्यातल्या २२ गावांनी सेझच्या प्रश्नावर मतदान केले, आणि तो प्रकल्प उभा राहिला नाही. गावाला विचारले की काय होते, हे त्या दिवशी दिसले.

पण आम्हाला हे मत पुरते पटत नाही. महाडच्या म्हातारीला खाचर वाचवून द्यायचे आणि त्यात तिने कोणासाठी राबायचे? शेतीत तोटा ठेवून गाव वाचवा म्हणणे म्हणजे माणसाला तिथेच डांबणे. ज्याला शेती करायची त्याला भाव मिळाला पाहिजे. ज्याला शेतीतून उठायचे आहे त्याला ताठ मानेने उठता आले पाहिजे, खिशात भांडवल घेऊन. शहर ही वाईट गोष्ट नाही. हुसकावले गेल्यामुळे शहरात जाणे वाईट. आपली पोरे पुण्याला चाकणला, भिवंडीच्या मागावर, सुरतेला गेली आहेतच. ती परत येणार नाहीत. त्यांनी डोके टेकायला हक्काची खोली मिळवू नये, असे म्हणणारे आपण कोण?

म्हणून आमचे म्हणणे असे की विरोध शहराला नको, सक्तीच्या संपादनाला हवा. जमीन विकायची की नाही, केव्हा, कोणाला, काय भावाने, हे सातबाऱ्यावर ज्याचे नाव आहे त्याने ठरवायचे. आज शेतजमीन शेतकऱ्यालाच विकता येते. कुळकायद्याचे कलम ६३ तसे सांगते. ऐकायला हे संरक्षण वाटते. पण गिऱ्हाईक कमी म्हणजे भाव कमी. कारखान्यासाठी घेणाऱ्याला मात्र १९९४ पासून त्याच कायद्यात वाट काढून दिली आहे. बिगरशेतीचा शिक्का बसला की तीच माती सोन्याच्या भावाने जाते. तो शिक्का शेतकऱ्याच्या हातात असता तर दलाल पोलादपूरच्या टपरीवर बसला नसता.

याला एक हरकत येते, ती महाडातच आम्ही ऐकली. पैसा एकरकमी आला की तो गाडीत, लग्नात, निवडणुकीत जातो आणि दोन वर्षांत माणूस आपल्याच जुन्या जमिनीवर पहारेकरी होतो. पनवेलकडे असे झाले आहे, हे नाकारता येणार नाही. यावर आमच्याकडे तयार औषध नाही. विकण्याऐवजी जमिनीत भागीदारी ठेवावी, भाडेपट्टा करावा, गावाने मिळून कंपनी काढावी, असे मार्ग सुचवले जातात. पेण-उरणच्या शेतकऱ्यांकडून त्यांचा अनुभव ऐकल्याशिवाय त्यावर ठराव करू नये असे आम्हाला वाटते. पण पोरगा पैसे उधळतो म्हणून बापाची जमीन सरकारने स्वस्तात घ्यावी, हा न्याय आम्हाला कदापि मान्य नाही.

बैठकीत या विषयाला एक तास राखून ठेवला आहे. प्रत्येक गावच्या प्रतिनिधीने येताना आपल्या गावची यादी आणावी. महाड-पोलादपूरच्या मित्रांनी त्यांच्या काही वाड्यांची तशी यादी करायला घेतली आहे, आपलीही तयार असली तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतील. यादी मोघम नको. कुलूप लागलेले घर, गेलेला माणूस, गाव सोडल्याचे वर्ष आणि सध्या राहतो तिथले महिन्याचे भाडे, एवढे चार रकाने पुरेत.